सव्वा महिन्यानंतर

यांत्रिक नौकांवरची पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टपासून दर्यावर जायला मोकळीक. जागतिक स्तनपान सप्ताहही नेमका १ ऑगस्टलाच सुरू होतो आणि ७ तारखेला संपतो. या दोन तारखा अशा मांडीला मांडी लावून बसल्यात, हे दिल्लीत किंवा जिनिव्हात कोणाच्या लक्षात यायचं कारण नाही. मालवणच्या आसपासच्या मच्छीमार वाडीत मात्र ते येतं. उपकेंद्रात पोस्टर लागलेलं असतं, सिस्टरबाई बोलायला तयार असतात आणि ज्यांनी ऐकायचं त्या बंदरावर असतात. दोन महिने सुक्या बांगड्यावर आणि दुकानदाराच्या वहीवर काढलेले असतात. जुन्या वळणाची माणसं नारळी पौर्णिमेची वाट बघतात, पण बोटीच्या कर्जाच्या हप्त्याला नारळ वाहून चालत नाही. होडी गेली की मासा येणार, मासा आला की लिलाव होणार आणि लिलावात पाटी उचलायला बाई लागणार.

माझ्याकडे मासे घेऊन येणाऱ्या काकींच्या सुनेचं दुसरं बाळंतपण अशाच एका जूनमध्ये, वटपौर्णिमेच्या सुमाराला झालं. पहिलं माहेरी, दुसरं सासरी, हा आमच्याकडचा सर्वसाधारण रिवाज. बाळ चांगलं तीन किलोचं. मी बघायला गेले तेव्हा सून भिंतीला टेकून बसली होती, बाळ अंगावर पीत होतं, कोपऱ्यात शेकाची शेगडी आणि बाहेर मुसळधार पाऊस. काकी म्हणाल्या, "बंदीत झालो म्हणान बरा झाला. आवस घरात आसा."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच काकी माझ्या पायरीवर पाटी उतरवून म्हणाल्या, "झील सारखो रडता. तेचा पॉट भरना नाय. सुनेच्या अंगावर दूधच नाय." आणि मेडिकलमधून आणलेल्या पावडरच्या दुधाच्या डब्याची किंमत सांगितली. ती त्यांच्या त्या दिवसाच्या नफ्यापेक्षा जास्त होती.

सहा आठवड्यांत दूध आटलं? तसं झालेलं नसतं, हे मला आता ठाऊक आहे, कारण माझ्या मुलीच्या वेळी मी नेमक्या याच ठिकाणी अडखळले होते. साधारण सहाव्या आठवड्यात बाळाच्या वाढीला एकदम जोर येतो आणि ते तासातासाला मागायला लागतं. त्याच सुमाराला आईची छाती पूर्वीसारखी गच्च भरत नाही, मऊ लागते. शरीराला तोवर हिशेब कळलेला असतो, तेवढंच दूध ते बनवतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: बाळ सारखं रडतंय आणि आई रिकामी वाटतेय. यावर इलाज एकच, दोन-तीन दिवस बाळ मागेल तेव्हा पाजत बसणं. जितकं ओढलं जाईल तितकं पुढे तयार होतं, आणि रात्रीचं पाजणं विशेष महत्त्वाचं, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. हे सगळं सोपं आहे. फक्त दोन-तीन दिवस बसायला मिळायला हवं.

आता हे सहा आठवडे जरा बारकाईने बघू. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना मोजतात. तेवढे दिवस ती विहिरीवर जात नाही, चुलीपाशी जात नाही, तिला तेल लावतात, न्हाऊ घालतात. तो संपतो चाळिसाव्या दिवशी. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला घरी येते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहा फेऱ्या. त्यानंतरची तिची ठरलेली फेरी बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर. म्हणजे विश्रांती संपते, आशाताईच्या फेऱ्या थांबतात, बाळाची भूक वाढते, छाती मऊ पडते आणि आमच्या या बाळाच्या बाबतीत होड्याही सुटतात. हे सगळं एकाच आठवड्यात. त्या आठवड्यात डबा घरात येतो. "मला दूध नाही" हे वाक्य जिथे जिथे ऐकलं, तिथे मी हल्ली मनातल्या मनात बाळाचं वय विचारते. दीड-दोन महिन्यांच्या आसपास निघालं तर पुढचा प्रश्न असतो: कामावर कधी गेली?

मला माझ्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा होती. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांचे २६ झाले, आणि मी बँकेत होते. बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत काउंटरवर बसले, त्यामुळे जवळजवळ सगळी रजा मुलीच्या वाट्याला आली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. जागतिक आरोग्य संघटना सांगते तेवढेच: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, मग वरच्या आहारासोबत दोन वर्षं आणि पुढेही. सल्ला आणि रजा यांचा काटा अगदी बरोबर जुळतो, ज्यांना रजा आहे त्यांच्यासाठी. माझ्या शेजारणीच्या पतसंस्थेत दहा माणसंही नव्हती, म्हणून तिला तो कायदा लागू नव्हता. आणि काकींच्या सुनेला? तिचा मालक कोण? लिलाव? समुद्र?

तिच्यासाठी मातृवंदना योजना आहे. २०१७ पासून पहिल्या बाळाला ५००० रुपये, पुढे दुसरी मुलगी झाली तर ६०००. सुनेचं दुसरं बाळ मुलगा, म्हणजे काही नाही. पण पहिलटकरणीचे ५००० धरले तरी सहा महिन्यांना वाटून बघा, दिवसाला २८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. बंदरावर पाटी उचलायला माणूस घेतला तर तो एका पाटीला याहून जास्त मागेल.

सासवांना दोष देणं ही आपल्या आरोग्यप्रचाराची जुनी सवय आहे. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचा, बाळाच्या तोंडाला मध लावायचा, दूध 'उतरेपर्यंत' दोन दिवस गुळाचं पाणी द्यायचं, हे आमच्याकडे झालेलं आहे. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटणाऱ्या घरात बाईचा चीक मात्र मोरीत जायचा. त्या दोन-चार चमचे चिकात जंतूंशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि नवजात बाळाचं पोट पहिल्या दिवशी एका वेळी घोटभरच मावेल एवढं असतं, त्याला तेवढं पुरतं. मधाचं तर आणखी वाईट. त्यातले बोट्युलिझमचे जिवाणू वर्षाखालच्या बाळाला घातक ठरू शकतात. सहाणेवर उगाळलेली गुटी, तिच्यातलं वेखंड, जायफळ, मुरडशेंग, यावर माझं आणि माझ्या आईचं अजून एकमत झालेलं नाही. मी सहा महिने दिली नाही. मी ऑफिसला गेल्यावर तिने काय केलं ते मी विचारलं नाही.

पण त्याच सासवा सव्वा महिना पाळतात. सुनेला पेज, कुळथाची पिठी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू करून घालतात. दूध यावं म्हणून मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, सार रांधतात. (या मोरीने दूध वाढतं याचा पुरावा मला कुठे सापडला नाही. मोठ्या मोरीत पारा साठतो, तेव्हा रोज खाऊ नये हे बरं. पण बाळंतिणीला घरातलं सगळ्यात महाग कालवण पहिलं वाढलं जातं, हे काही कमी नाही.) चाळीस दिवस बाळ आणि आई एका अंथरुणावर, मागेल तेव्हा पाजायचं, दुसरं काम नाही: दूध बसायला याहून चांगली व्यवस्था एखाद्या तज्ज्ञाला सांगितली तरी काय वेगळी सुचवील? आणि आपल्या भाषणांत मधही अंधश्रद्धा आणि सव्वा महिनाही अंधश्रद्धा, अशी एकाच पाटीत दोन्हीची गठडी बांधली जाते. आमच्या वाडीत आता नवी सून बारशाच्या दुसऱ्या दिवशी भांडी घासताना दिसते. घरात माणसंच दोन, नवरा मुंबईला, सासूचे गुडघे गेलेले. तिला कोणी सुधारलेली म्हणतं, ते ऐकून मला हसावं की रडावं कळत नाही.

दवाखान्याचंही असंच. प्रसूती दवाखान्यात झाली की पहिल्या तासात बाळ छातीला लागेल, अशी सगळ्यांची समजूत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे देशाचे आकडे बघितले तर २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्के प्रसूती दवाखान्यांत होत होत्या, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. जवळपास दहा टक्क्यांनी वाढ. पहिल्या तासात पाजलेल्या बाळांचं प्रमाण तेव्हा ४१.६ होतं, नंतर ४१.८. जागचं हललंच नाही. चीक मोरीत टाकणाऱ्या आज्यांना बाजूला केलं, पण त्यांच्या जागी आलेल्या घाईने काही वेगळं केलं नाही. सिझर झालं की आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत, नातेवाईक जिन्यात, आणि कोणीतरी चिठ्ठी हातात देतं: हा डबा घेऊन या. कमरेखालची भूल दिलेली बाई शुद्धीवर असते, आडवं पडून पाजू शकते. त्यासाठी बाळ तिच्या कुशीत धरून ठेवणारं एक माणूस अर्धा तास लागतं. पुन्हा तेच. माणूस.

काजूच्या कारखान्यात मला हे सर्वांत स्पष्ट दिसलं. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या कित्येक घरांची चूल काजूवर चालते आणि फोडायला, सोलायला, निवडायला बायकाच. मजुरी किलोवर. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हात काळे पडतात. एक बाई मला म्हणाली की हात साबणाने तीनदा धुतले तरी बाळाला उचलताना भीती वाटते. कायदा म्हणतो की मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या द्यायच्या. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली. सुट्टी कोणी अडवत नाही हो ताई, म्हणाली. उठून गेलं की तेवढे काजू कमी फुटतात, एवढंच. किलोवर काम करणारीला सुट्टीचा कायदा असा परस्पर चुकवता येतो, कुणी वाईट न वागता. शिवाय घर दोन किलोमीटरवर. बाळ तिथे, छाती इथे. दुपारपर्यंत ब्लाऊज ओला होतो, मग दुखतं, मग दोन आठवड्यांत दुखायचंही थांबतं.

लावणीच्या दिवसांत निदान बाळ बांधावर तरी असतं. झाडाला झोळी, वर प्लास्टिक, राखण करायला पाच-सहा वर्षांची बहीण. चिखलाचे हात पावसात धुऊन आई येते, उकिडवी बसून पाजते, परत आवणात उतरते. चांगलं चित्र आहे असं नाही. पावसात भिजलेलं बाळ तापाने फणफणतं तेव्हा कळतं. पण दूध टिकतं.

आणि देवगडच्या हापूसच्या बागांत राखणीला येतात ती नेपाळी कुटुंबं. त्यांच्यातल्या एका बाईला मी आंब्याच्या दिवसांत पाहत असे. बाळ पाठीला बांधलेलं, हाताने पालापाचोळा झाडणं चालू, बाळ कुरकुरलं की ओढून पुढे घेतलं, पाजलं, परत पाठीवर. सासू दीड हजार किलोमीटर दूर, आशाताईच्या यादीत नाव आहे की नाही देव जाणे, पोषण आहाराची पाकिटं मिळत असतील असं वाटत नाही. पण तिला कोणी दूध पुरतं का म्हणून विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. तिची गरिबी काकींच्या घरापेक्षा जास्त होती. फरक एवढाच की तिच्या कामाच्या जागी बाळाला मज्जाव नव्हता.

एसटी स्टँडवर हल्ली बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो. नाव कोणाला सुचलं माहीत नाही, पण ते ठेवताना गोष्ट पूर्ण आठवली होती का, अशी शंका मला येते. हिरकणी गवळण दूध विकायला रायगडावर गेली होती. म्हणजे कामावर गेली होती. कोजागिरीचा दिवस, उशीर झाला, सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. तिने विनवण्या केल्या, पहारेकऱ्यांनी दार उघडलं नाही, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असं सांगतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आता ऐकताना माझं लक्ष दरवाजाकडे जातं. बुरूज बांधल्यामुळे तो कडाही बंद झाला, म्हणजे पुढच्या गवळणीची तेवढीही सोय राहिली नाही. आपण आयांचं कौतुक अजून तसंच करतो. कडा उतरलीस, शाबास. दरवाजाच्या वेळेबद्दल बोलत नाही.

काकींच्या त्या डब्याकडे परत येते. शिशुआहाराच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. डब्यावर आईच्या दुधाचं महत्त्व छापावंच लागतं. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण आमच्या वाडीत डबा जाहिरातीमुळे आला नव्हता. सकाळी सहाला सून बंदरावर गेली आणि अकरापर्यंत परतली नाही, त्या पाच तासांत आला. आणि गरीब घरात डबा आला की तो पुरवावा लागतो. लिहिलेल्या मापापेक्षा एक चमचा कमी, पाणी थोडं जास्त. पावसाळ्यातलं विहिरीचं पाणी, नीट न उकळलेली बाटली. बाळ जुलाबाने सुकतं ते इथे. काकी आठ दिवसांचा डबा पंधरा दिवस चालवणार होत्या आणि हे त्या मला अभिमानाने सांगत होत्या.

मी त्यांना दूध पिळून ठेवायची गोष्ट सांगितली. स्वच्छ उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हाताने काढायचं, झाकायचं, आमच्या उष्म्यात चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजायचं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून आईच्या दुधाची पेढी आहे, आशियातली पहिली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. तिथे एकीचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला देतात, हेही सांगितलं. काकी माझ्याकडे बघत राहिल्या.

"सून आसा ती माझी," म्हणाल्या, "म्हस न्हय."

मी गप्प बसले. मग त्यांनाच राहवलं नाही. त्यांच्या वेळी काय करायच्या, असं मी विचारलं होतं म्हणून असेल. त्यांची जाऊ आणि त्या एकाच वर्षी बाळंत झाल्या होत्या. एक लिलावाला गेली की दुसरी दोन्ही पोरांना अंगावर घ्यायची. "तेव्हा घरात जावा होत्यो. आता जाव डोंबिवलीक," काकी म्हणाल्या. हे सांगताना त्यांनी पाटीवरचं फडकं झटकलं, दोन बांगडे उगाच उलटेपालटे केले. डबा परत घेतील काय, असं त्यांनी विचारलं. फोडलेला डबा कोण परत घेणार?

पुढच्या सोमवारी काकी आल्या नाहीत, मंगळवारीही नाहीत. बुधवारी मी बाजारात गेले तर सून फळकुटावर बसलेली, पुढ्यात सरंगा आणि बांगडा, मांडीवर बाळ, पदराखाली. बाजार घरापासून हाकेच्या अंतरावर, आठच्या आधी गिऱ्हाईक नाही. लिलावात कोण जातं म्हणून विचारलं.

"आये जातंत."

काकींनी बंदर स्वतःकडे घेतलं होतं. गुडघे बांधून, पहाटे. सुनेची थोरली मुलगी शेजारी बसून पैसे मोजत होती. दूध पुरतं का, असं मी विचारणार होते, पण बाळ पिऊन झोपलं होतं आणि सून गिऱ्हाइकाशी भांडत होती. डबा अजून घरात आहे, तिने नंतर सांगितलं, रात्री फार रडला तर एखादा चमचा.

एवढ्यात काकी रिक्षातून उतरल्या, बर्फाची पाटी ओढत. सुनेने लावलेला भाव ऐकला आणि सगळ्या बाजारासमोर तिला झापलं: इतक्या स्वस्तात सरंगो इकतात? मी पहाटे चारांक उठान लिलावात उभी रवलंय ती ह्येच्यासाठी? मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुका म्हणान त्याच भावात देतंय, पण उद्यापासून नाय.